रिकामा परत आलेला डबा

आधीच सांगते, मी घाबरट नाही. या ग्रुपवरचे अनुभव मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचे आणि आम्ही दोघं पोट धरून हसायचो. कोणाच्या खिडकीत बाई उभी, कोणाच्या छतावर पावलं वाजतात... लोकांना उद्योग नाहीत, असं माझं स्पष्ट मत होतं. आता मीच लिहायला बसले आहे, तेव्हा हसायचं तर हसा.

दुबईत करामा भागातला फ्लॅट सोडून मी आणि माधवने अल ऐनच्या रस्त्यावरून बरंच आत, वाळवंटात एक जुना फार्म भाड्याने घेतला होता. लेखकांनी यावं, राहावं, शांतपणे लिहावं. खूळ माधवचं, स्वयंपाक माझा. तीन खोल्या, भोवती उंच तारेचं कुंपण, एकच गेट आणि त्यावर कॅमेरा. मागे वाळूच्या टेकड्या. कामाला माणूस नव्हता, सगळं आम्ही दोघंच करायचो.

आमचा एक नियम होता. लेखकाला मौन हवं असेल तर त्याने तसं सांगायचं. मग आम्ही दार वाजवायचं नाही, हाक मारायची नाही. जेवणाचा डबा पायरीवर ठेवायचा आणि रिकामा झाला की उचलायचा. डबा रिकामा, म्हणजे माणूस ठीक. लेखक मंडळींना हे फार आवडायचं. मलाही आवडायचं, कारण त्यांच्या कादंबऱ्या ऐकाव्या लागायच्या नाहीत.

त्या सीझनच्या शेवटच्या पाहुण्या म्हणजे शैलाताई. कोल्हापूरच्या निवृत्त शिक्षिका. मुलगी ऋचा शारजाला नोकरीला, तीच त्यांना आणून सोडून गेली होती. डायबिटीस असून चहात साखर मागायच्या, मी दिली नाही की रुसायच्या. मला फार आवडल्या होत्या त्या. डबा स्वतः धुऊन पायरीवर पालथा ठेवायच्या. मी म्हणायचे, "अहो ताई, राहू द्या, पाहुण्या आहात तुम्ही." तर म्हणायच्या, "खरकटं भांडं परत करायची सवय नाही हो मला."

मग एका रात्री जेवताना त्यांनी सांगितलं, "शेवटचं प्रकरण आलंय. उद्यापासून मौन."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा ठेवला. थोड्या वेळाने बघते तर डबा पालथा, धुतलेला, अजून ओला. त्या उन्हात भांडं किती लवकर वाळतं ते इथल्यांना माहीत आहे. म्हणजे नुकताच धुतलेला.

संध्याकाळी ऋचाचा फोन आला. "काकू, आईचा फोन ऑफ आहे. तिने टॅब्लेट्स घेतल्या का? मी येऊ का?"

"कशाला एवढं ड्राइव्ह करतेस? मौन आहे त्यांचं. जेवल्यात व्यवस्थित, डबा धुऊन ठेवलाय."

"शुअर ना?"

"अगं, हो."

रात्रीचा डबाही तसाच परत आला. दुसऱ्या दिवशीचे दोन्ही तसेच.

त्याच्या पुढच्या सकाळी ऋचा न सांगता आली. नियम वगैरे न ऐकता तिने सरळ दार उघडलं. एसी चालू होता, पलंग नीट आवरलेला. टेबलावर फोन, गोळ्या आणि भरलेली पाण्याची बाटली. शैलाताई नव्हत्या.

पोलिसांना शैलाताई कुंपणापासून फार लांब नसलेल्या टेकडीमागे सापडल्या. घोटा मोडला होता. गेटवरच्या कॅमेऱ्यात मौनाच्या पहिल्याच सकाळी त्या फिरायला बाहेर जाताना दिसतात. परत येताना दिसत नाहीत. दुसरं कोणीही आत येताना दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, गेल्या त्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. तोवर जिवंत होत्या.

माधव म्हणतो, शेजारच्या फार्मवरचं कोणीतरी कुंपण चढून खाऊन जात असेल. पोलिसांनी त्या सगळ्यांना विचारलं, काही निघालं नाही. आणि चोरून जेवणारा माणूस भांडं घासून ठेवतो का? मांजर म्हणाल, तर ती डब्याची कडी उघडून परत लावते का?

ज्यांना ज्यांना सांगितलं ते म्हणतात, बाईंचा आत्मा असेल, अन्नात जीव अडकला असेल. मला या बोलण्याचा संताप येतो. पहिला डबा परत आला तेव्हा बाई जिवंत होत्या... टेकडीमागे पडल्या होत्या, हाका मारत असतील. एक डबा, फक्त एक डबा भरलेला परत आला असता तर मी नियम चुलीत घालून दार फोडलं असतं. जे काही त्या पायरीवर येत होतं, त्याने मला ते करू दिलं नाही. ते काय होतं, त्याला शैलाताईंची सवय कशी माहीत, आणि आम्ही दार उघडू नये असं त्याला का वाटत होतं, यातलं काहीही मला आजही सांगता येत नाही.

फार्म आम्ही सोडला. आता अजमानला राहतो. मध्यंतरी ऋचा भेटायला आली होती. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. निघताना दारात थांबून म्हणाली, "काकू, डबे सगळे रिकामे आले होते ना? म्हणजे आई उपाशी नव्हती. मी तसंच धरून चालते."

त्यांचं पोट पूर्ण रिकामं होतं, हे डॉक्टरांनी फक्त माधवला सांगितलं होतं, आणि माधवने मला.

मी म्हटलं, "हो गं, पोटभर जेवल्या होत्या."