एक दात मागे

ज्या माणसानं मला इंजिन उघडायला शिकवलं, त्याला चारचौघांत खाली मान घालायला लावायचं, हे मी बरीच वर्षं मनात धरून होतो.

पिंपरीत संत तुकाराम नगरच्या मागे त्याचं गॅरेज होतं. सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. मी बीडकडून आलो तेव्हा त्यानं मला कामाला ठेवलं, घरचा डबा खाऊ घातला, हे खरं आहे. पण एका डॉक्टरांच्या गाडीचा टायमिंग बेल्ट त्यानं स्वतः बसवला, ताण देणारी पुली नीट आवळली नाही. बेल्ट घसरला, वॉल्व्ह वाकले. तेव्हा त्यानं भरल्या गॅरेजात माझ्याकडे बोट केलं आणि माझी कपड्यांची पिशवी रस्त्यावर फेकली. वर पिंपरीतल्या ओळखीच्या सगळ्या गॅरेजवाल्यांना फोन केले. मला कुणी उभं करेना. चाकणच्या कांदा बाजाराबाहेर ट्रकचे पंक्चर काढत दिवस काढले. प्रत्येक ट्यूब घासताना त्याचा चेहरा आठवायचा.

पुढे कुरुळीत माझं स्वतःचं गॅरेज झालं. एके दिवशी गावातले एक बागायतदार गाडी घेऊन आले. इंजिन उभ्या जागी थरथरत होतं.

"इंजिनातली टायमिंग चेन नवी घातली तवापासनं चढावर दमच न्हाई," ते म्हणाले. "उस्तादानं दोनदा सेन्सर बदलला."

कुठला उस्ताद, ते मी विचारून घेतलं. तोच निघाला. मग शांतपणे चहा मागवला.

स्कॅनर लावला. क्रँकशाफ्ट आणि वॉल्व्ह उघडणारी कॅमशाफ्ट यांचा मेळ बसत नाही, असा कोड आला. त्यावरून सेन्सरवर संशय जाणं साहजिक होतं. उस्तादही तिथंच अडकला होता. मी वायरिंग तपासलं, ते ठीक होतं. मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलं. चारही सिलिंडरमध्ये ते सारखंच कमी निघालं. एखादा वॉल्व्ह खराब असता तर एकच सिलिंडर पडला असता. पुढचं कव्हर काढलं, क्रँकची खूण जागेवर आणली आणि वर पाहिलं. कॅमशाफ्टची खूण एक दात मागे होती; म्हणजे चेन बसवतानाच उस्तादाचा एक दात चुकला होता.

चेन तिथंच सरळ करता आली असती. मी हात लावला नाही. बागायतदारांना म्हणालो, "ज्यानं चेन घातली त्यांना घेऊन या. त्यांच्यासमोरच करतो."

दुसऱ्या दिवशी ते त्याला मोटरसायकलवर मागे बसवून घेऊन आले. उस्ताद म्हातारा झाला होता. मला ओळखून तो दारातच थबकला. मी त्याला खूण दाखवली. तो बराच वेळ वाकून पाहत राहिला.

"माणसाच्या हातून चुकतं रे," तो हळू आवाजात म्हणाला.

"चुकतं ना. मग डॉक्टरांच्या गाडीला कुणाचा हात चुकला होता, तेही सांगा."

त्यानं मान खाली घातली. मग मीच सगळं सांगितलं, बागायतदारांना आणि शेजारच्या टपरीवर चहाला आलेल्या कंपन्यांच्या ड्रायव्हरांनाही. आवाज मुद्दाम चढा ठेवला. त्यानं एका शब्दानंही नाकारलं नाही. बागायतदार त्याला म्हणाले, "गाडी सरळ होस्तोवर हलायचं न्हाई हितनं."

मी उस्तादाच्या हातात टॉर्च दिला. "जरा उजेड धरा."

दुपारभर त्यानं उजेड धरला. उजेड हलायचा, आणि मी दरवेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचो, "नीट धरा."

काम संपलं तेव्हा इंजिन सुरळीत चालू लागलं. उस्ताद हायवेकडे चालू लागला. आम्ही गाडी फिरवून पाहायला निघालो. चढावर ती अशी सरसर गेली की बागायतदार हसले. पुढे वळणावर तो दिसला. बस थांबते तिथं उन्हात उभा होता.

"घ्यायचं का त्येला?" बागायतदारांनी विचारलं. मागची सीट रिकामीच होती.

"बस येईल त्यांना," मी म्हणालो आणि ॲक्सिलरेटर दाबला.