आप्पानं निवळलेली बियर

मी काशम्मा, चनबसप्पाची लेक. गल्लीत आप्पाबद्दल कोण काय बोलतं ते मला ठावं हाय. तोंडाला कुलूप न्हाय कुणाच्या. म्हणून आधी माझं ऐका.

आप्पा गिरणीतल्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर कामाला व्हता. दिवाळी होऊन हवा गार पडली की साहेब घरीच बियर करायचा. मुंबईहून सातूच्या अर्काचे डबे यायचे, मागल्या पडवीत पिंप मांडायचं. उकळायचं, आंबवायचं, सगळं आप्पाकडं. गळ्यात लिंग असलेल्या माणसानं दारू करावी का? गल्लीला त्याचं काय वाटलं न्हाय. साहेबाची चाकरी, पगार चांगला, चालतंय की.

पण आंबलेली बियर गढूळ असती. ती निवळायला साहेबानं पुडे मागवले. आत पांढरे पातळ पापुद्रे, माशाच्या पोटातला फुगा वाळवून केलेले. हे भिजवून पिंपात ढवळ, गाळ तळाला बसतो, असं त्यानं सांगितलं. आप्पा मान हलवून घरी आला आन् दोनदा अंघोळ केली.

मग त्यानं आपलीच युक्ती काढली. विहिरीचं गढूळ पाणी आमी निवळीच्या बीनं साफ करतो. सहाणेवर बी उगाळायची, पिंपात ढवळायची, आठ दिवस हात लावायचा न्हाय. बियर अशी निघायची की पेल्याच्या पलीकडची बोटं मोजून घ्या. साहेब लई खूष. दर पिंपामागं दोन बाटल्या बक्षीस. आप्पा त्या शिवायचा न्हाय. शेजारचा ईश्वरप्पा काका, गल्लीतला मोठा माणूस, पोटाचं औषध म्हणून गुपचूप घेऊन जायचा.

आन् ते पुडे? साहेबाला दिसू नयेत म्हणून आप्पा घरी आणायचा. फेकवत न्हवतं त्याला. "जीव व्हता तो, उकिरड्यावर कसा टाकू?" म्हणायचा. आमच्यात मेलेल्याला पुरतात. आप्पानं परसात खड्डा करून एकेक पुडा पुरला, वर भस्म घातलं. असला भोळा. मी तवाच भांडायला पायजे व्हतं.

माझं लग्न अक्कलकोटला ठरलं. मुलगा मला आवडला व्हता, लाजायचं काय त्यात. पंधरा दिवस उरले आन् मांजरानं परस उकरलं. ईश्वरप्पा काकानं पापुद्रा नाकाला लावला, वास घेतला आन् पांढराफटक पडला. मग सगळी गल्ली गोळा केली. लिंगायताच्या घरात मासळी, म्हणाला.

आप्पानं खरं ते सांगितलं. वापरत न्हाय म्हणून तर पुरलं. काका म्हणाला, साहेबालाच विचारू. काका आन् गल्लीतले तिघं, असे चौघं आप्पाला घेऊन बंगल्यावर गेले. साहेबानं आप्पाच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, ह्या पुड्यांचा उपयोग ह्याच्याइतका चांगला कुणाला जमत नाही. साहेबानं तारीफ केली आन् आमचं घर बुडालं. आप्पा तितंच म्हणाला, मी ते बियरीत कधीच घातलं न्हाय. साहेब हसला. त्याला वाटलं, नोकर चारचौघांना भिऊन खोटं बोलतोय. चौघांनाबी तेच वाटलं. अक्कलकोटला निरोप काकानंच नेला आन् लग्न मोडलं.

आठवड्यानं काका मागल्या दारानं आला. जेवण जात न्हवतं म्हणे. आप्पा तितंच मागल्या ओसरीवर बसला व्हता, पण त्याच्याकडं बघायची लाज, म्हणून मला विचारलं.

"काशम्मा, तुझा बाप खरं बोलला ना? तू घरातली. शपथ घेऊन सांग, मी नेलेल्या बाटल्यांत मासा न्हवता. मी उद्याच अक्कलकोटला जातो, पाया पडतो, लग्न जुळवतो."

व्हय म्हणायचं, एवढंच काम व्हतं. नवरा मिळाला असता, आप्पाचं नाव धुतलं गेलं असतं. पण ह्या माणसालाबी सुखानं जेवण गेलं असतं की. ते मला सोसलं न्हाय.

"व्हता," मी म्हणाले. "दर बाटलीत व्हता."

काका भिंत धरत गेला. आप्पा उठून आत गेला. पुढं नऊ वर्षं जगला, माझ्याशी एक शब्द बोलला न्हाय.