दगडाला लागलेला हात

आमच्या गल्लीत कुणाशी वैर धरलं, की त्याच्या दुकानातून सोया सॉस घेणं बंद करतात. हिसाएनं तसं केलं नाही. ती कुनिहिकोच्याच दुकानातून सॉस घेत राहिली, तोही हसून. तेव्हाच मी ओळखलं, की आता या माणसाची काही खैर नाही.

हिसाएचं साके दारूचं दुकान माझ्या टोफूच्या दुकानाला लागून आहे. नवरा गेल्यापासून बाटल्यांच्या पेट्या तीच उचलते. आमच्या देवळाच्या अंगणात एक गुळगुळीत काळा दगड आहे. भात कापून झाल्यावर जत्रा भरते, तेव्हा जो कुणी तो दगड उचलून खांद्यावर घेईल, त्याचं नाव दगडावर कोरतात. नियम एकच. दगड खांद्यावर टेकेपर्यंत दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये. लागला, की बाद. बायकांनी उचलू नये असा नियम नाही, कारण एखादी बाई उचलेल असं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

गेल्या वर्षी हिसाए पुढे आली. दगड आधी मांडीवर घेतला, मग छातीशी आणला. खांदा वीतभरावर राहिला होता. तेवढ्यात कुनिहिको लगबगीनं पुढे झाला आणि "सांभाळा हं, पडेल," म्हणत त्यानं दगडाला खालून हात लावला. चांगुलपणाचा आव तर असा, की बघत राहावं. ती दचकून वळली, दगड खाली अंथरलेल्या गवताच्या चटयांवर आदळला आणि तिच्या उजव्या खांद्यातला स्नायू फाटला. पुजारीबुवांनी मान हलवली. हात लागला, बाद. कुनिहिकोनं कमरेत वाकून वाकून माफी मागितली, आणि संध्याकाळी पिताना मित्रांना म्हणाला, की बाईमाणसाला असली हौस हवीच कशाला. हे मी माझ्या कानांनी ऐकलं आणि हिसाएला जाऊन सांगितलं. सांगायला नको होतं, असं मला आजही वाटत नाही.

ऑपरेशन झालं. मग इनागाकी नावाच्या फिजिओकडे जाणं सुरू झालं. तो मोजकं बोलणारा, जरा तिरसट माणूस. पहिल्या दिवशी त्यानं तिला टेबलावर एक टॉवेल पुढे-मागे सरकवायला लावला. पेट्या उचलणारी बाई आणि टॉवेल! ती घरी येऊन माझ्यापुढे धुमसत बसली. टॉवेलनंतर रबरी पट्टा आला, मग नुसती काठी. तिला कुठला दम निघतोय? एका दुपारी इनागाकीला न सांगता तिनं बिअरची भरलेली पेटी उचलली. दुसऱ्या दिवशी तिला हातात चॉपस्टिक धरवेनात. पुन्हा टॉवेलपासून सुरुवात.

इनागाकी चिडला नाही. एवढंच विचारलं, "सूड कुणावर घ्यायचाय?"

"कुनिहिकोवर."

"मग खांद्यावर का घेताय? त्यानं तुमचं काय वाकडं केलंय?"

त्या दिवसापासून ती बदलली. राग गेला नाही, तिनं तो मंद आचेवर ठेवला. इनागाकी सेन्सेईंनी थांब म्हटलं की थांबायची. सकाळी उठल्यावर खांदा ठणकत असेल तर वजन वाढवायचं नाही, उलट कमी करायचं. खांद्याबरोबर पाठ आणि पायही कमवायचे. टोफू घेता घेता ती मला हे सगळं सांगायची, आणि सांगताना तिची नजर रस्त्यापलीकडच्या सॉसच्या दुकानावर असायची.

यंदाची जत्रा आली. इनागाकीनं साफ सांगितलं, की या वर्षी दगड नाही. हात फक्त खांद्याइतका वर न्यायचा, तोही वजनाशिवाय. ती मुकाट्यानं हो म्हणाली. मला वाटलं, बाई थंडावली.

दगड उचलायला कुनिहिको उभा राहिला. दगडावर त्याच्या आजोबांचं नाव आहे, वडिलांचं आहे, त्याचं नाही. त्याची म्हातारी आई खास खुर्ची मांडून पुढे बसली होती. त्यानं दगड मांडीवर घेतला, छातीशी आणला. गुडघे लटपटत होते, पण दगड चढत होता. पडला असता का? मला विचाराल तर नसता पडला.

हिसाए पुढे झाली. घाई नाही, गडबड नाही. उजवा हात कोपरात न वाकता सरळ वर आला, बरोबर खांद्याइतका, आणि तळवा दगडाखाली टेकला.

"सांभाळा हं, पडेल."

दगड चटयांवर आला. कुणाला काही लागलं नाही. पुजारीबुवा तिच्याकडे बघत राहिले, मग त्याच्याकडे, आणि गेल्या वर्षीसारखीच मान हलवली. शब्द कुनिहिकोचेच होते. मग हिसाए कमरेत वाकली. तो वाकला होता तेवढीच, आणि तितक्याच वेळा.

गर्दीच्या मागे इनागाकी भाजलेला माकुळ खात उभा होता. तो पुढे आला. आता हिला झापणार, असं मला वाटलं.

"दुखला?" त्यानं विचारलं.

हिसाएनं हात पुन्हा एकदा वर करून पाहिला.

"अजिबात नाही, सेन्सेई. आता वजन वाढवायला हरकत नाही ना?"