मुक्तिवेग आणि मंचरचा स्टँड

मंडळी, आज दुपारी मंचरच्या स्टँडवर मुलीला आणायला गेलो. सेमिस्टर अजून संपलेलं नाही, पण ती गादीची वळकटी, बादली आणि सगळी पुस्तकं घेऊन उतरली. विद्यापीठात खगोलभौतिकी शिकते. म्हणजे, शिकत होती.

रिक्षावाले भाऊ म्हणाले, "सर, ताई लई शिकली आसंल ना ग्रहांचं? पोराची पत्रिका दाखवायची व्हती." एरवी मी त्यांना दोन शास्त्रांतला फरक समजावतो. आज वळकटी उचलून रिक्षात ठेवली.

झालं असं (तिने काल फोनवर सांगितलं), की तोंडी परीक्षेत तिला 'एस्केप व्हेलॉसिटी' विचारली. वस्तूला पृथ्वी सोडून जायला लागतो तेवढा वेग. घाबरून तिच्या तोंडून मराठीच शब्द निघाला, 'मुक्तिवेग'.

"मोक्षाचा का?" परीक्षक म्हणाले. सगळी प्रयोगशाळा हसली. सूत्र तिला पाठ होतं, पण पुढे तोंडच उघडलं नाही.

तो शब्द मी शिकवलेला. संस्कृतचा मास्तर ना मी! ती सातवीत असताना विग्रह करून दाखवला होता आणि वर म्हणालो होतो, "इंग्रजी काय, येईल मागाहून."

रिक्षात ती एवढंच बोलली, "बाबा, वेग कमी पडला की वस्तू परत खाली येते. आले मी."

उत्तर अचूक होतं. मी पैकीच्या पैकी दिले असते, पण परीक्षक मी नव्हतो.

सामान अजून ओट्यावरच आहे. ते घरात घ्यावं की नाही, हेच मला ठरवता येत नाही. तुम्ही काय केलं असतं?