डॉक्टरांनी नाही म्हटलं होतं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तुम्हाला सांगते आहे — कसं सांगायचं ते मात्र अजून कळत नाही.

माझे दात वेडेवाकडे आहेत. दातावर दात. शाळेत चिडवायचे, ते मी विसरले — पण आरशाची भीती बसली ती बसलीच. बोरगावच्या घरात बेसिनवर चांगला आरसा आहे. मी दात घासते ते मागच्या नळावर. घासते तरी काय — ब्रश फिरवायचा, चूळ भरायची. फटीत काय अडकलंय ते बघायचंच नसेल, तर निघणार कसं? दाढ दुखली की लवंग. डॉक्टरसमोर तोंड उघडायचं? त्यापेक्षा दुखणं परवडलं.

माझ्या मुलीचे, ऋचाचे दात माझ्यासारखेच आले. सातवीत होती तेव्हा मागे लागली, "आई, मले तारा लावून दे ना. तू विचारून तर येजो."

गेले मी सावंगीच्या दातांच्या दवाखान्यात. एकटीच. डॉक्टर तरुण होत्या, गोड बोलल्या. "मुलीला घेऊन या, तारा लावता येतील. आणि आलाच आहात तर बसा, तुमचेही बघून घेऊ." त्यांनी खुर्चीवरचा दिवा खाली ओढला — आणि मी उठलेच. पर्स छातीशी धरून सरळ बाहेर. ऋचाला घेऊन परत गेले असते, तर मलाही पुन्हा बसवलं असतं ना त्यांनी?

ऋचा दारातच उभी होती. "काय म्हणल्या?"

"गरज नाई म्हणे. वयानं बसतात आपोआप."

तिनं विश्वास ठेवला. का नाही ठेवणार?

आता ती नागपूरला नोकरी करते. हसताना ओठ मिटून घेते, घाईघाईनं दात घासते — घरात दुसरं पाहिलंच काय होतं तिनं? गेल्या दिवाळीत आली ती गाल सुजवून. दोन दाढा काढाव्या लागल्या. मी सोबत होते. हे डॉक्टर वयस्कर, जरा तापट. "इतके दाटीचे दात साफ होणार कसे? लहानपणी काऊन नाई दाखवलं?"

ऋचाच्या तोंडात कापूस होता. तरी ती बोलली — माझ्या बाजूनं. "आईनं विचारलतं तवा. त्या डॉक्टरनंच नाई म्हणलं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली. हो म्हणून.