जेवलात का?

विरार पूर्वेला, फुलपाड्यातल्या आमच्या सोसायटीत इंटरकॉम दुरुस्त करायला एक माणूस यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. कानामागे स्क्रू ड्रायव्हर, दातांत चिकटपट्टीचा तुकडा. वायर जोडली की खाली वॉचमनच्या केबिनमधून फोन लावायचा आणि विचारायचा, “जेवलात का?” नुसत्या हॅलोवर लाइनमधली खरखर कळत नाही, समोरचा दोन वाक्यं तरी बोलला पाहिजे, असं त्याचं म्हणणं.

बायको गेल्यावर माझा फोन वाजेनासा झाला. मी तक्रार केली. त्याने वायर तपासली, खाली जाऊन फोन लावला. मी त्याला भात, आमटी, करपलेला पापड, सगळं सांगितलं. वर येऊन हत्यारं आवरताना तो म्हणाला, “फोन चांगला हाय काका. कोनी करत नाय, एवढंच.”

मला रागच आला. पण तो खोटं बोलत नव्हता.

यंदा सोसायटीने गेटसाठी मोबाइलचं ॲप घेतलं. इंटरकॉमच्या वायरी काढायला तोच आला. कुठली वायर कुठल्या घराची, हे केबिनमधल्या वायरींच्या पेटीवरून पुसून गेलं होतं. म्हणून तो एकेका घरी फोन लावायचा, आवाज ओळखायचा आणि वायर कापायचा.

दुपारी माझा फोन वाजला.

“जेवलात का?”

“नाही अजून,” मी म्हणालो. “सकाळपासून जरा...”

तेवढ्यात लाइन गेली. आवाज त्याने ओळखला होता. रिसीव्हर कानाला तसाच धरून मी पुढचं सांगत राहिलो.