एका कॉम्प्युटरची वाटणी

घरातल्या अभिमानाच्या गोष्टी फार टिकत नाहीत. कोणाचा पहिला नंबर आला, कोणाला बढती मिळाली, दोन वर्षांत सगळे विसरतात. फजितीच्या गोष्टींना मात्र मरण नाही! लग्न असो की बारसं, आमच्याकडचे चार जण जमले की कोणीतरी माझ्याकडे वळून म्हणणारच, "वहिनी, तो कॉम्प्युटरचा सांगा ना!" मग मी पदर सावरते आणि सांगते. सगळे हसतात, मीही हसते. पण खरं सांगू? सांगताना अजून माझी कानशिलं तापतात.

नागपूरच्या इंदोऱ्यात सासऱ्यांनी बांधलेलं आमचं चार खोल्यांचं घर. सासरे गेलेले. घरात सासूबाई, आमचे हे, यांचे धाकटे भाऊ विलासभाऊजी आणि मी. त्या काळी नागपुरात कॉम्प्युटर दिसलाच तर मोठ्या ऑफिसात, काचेआड. या दोघा भावांनी मिळून तो घरी आणला. हे त्यावर कॉलेजांचे निकाल तयार करून द्यायचे. भाऊजींना त्यावर शिकून नोकरी मिळवायची होती.

पहिल्या दिवशी गल्ली लोटली. दारात चपलांचा ढीग, कारण कॉम्प्युटरच्या खोलीत चप्पल चालत नाही असं भाऊजींनी सगळ्यांना बजावलेलं. सासूबाईंनी सर्वांना हात जोडायला लावून बुद्धवंदनेतलं त्रिशरण म्हटलं. मग यांनी बटण दाबलं. घरघर झाली आणि काळ्या पडद्यावर एक हिरवी ओळ उमटली.

"काय म्हणते गा?" सासूबाईंनी विचारलं.

भाऊजी खाली मान घालून म्हणाले, "नॉन-सिस्टीम डिस्क म्हणते. म्हणजे... सिस्टीम नाही."

चुकीची फ्लॉपी घातली होती, एवढंच. पण दोघे भाऊ एकाच खुर्चीच्या दोन टोकांवर कसेबसे टेकलेले, आणि दोघांची बोटं एकाच कीबोर्डवर. सासूबाई म्हणाल्या, "एका खुर्चीवर दोघं बसान, तं सिस्टीम कुठून राहीन!"

त्या दिवसापासून गल्लीत आमचं नाव 'नॉन-सिस्टीमवाले'. पोस्टमनसुद्धा तसंच विचारायचा!

*

मे महिना आला. नागपूरचा मे! घरात कूलर एकच, आणि तो कॉम्प्युटरच्या खोलीला लागला. भर दुपारी माझे बाबा रामटेकहून आले, घामाने निथळत. मी त्यांना पाणी दिलं आणि समोरच्या खोलीत पंख्याखाली बसवलं. पंखा गरम हवा फेकत होता. आतून कूलरचा आवाज येत होता.

"आत कोणी बिमार हाय काय वं?" बाबांनी हळूच विचारलं.

"नाही बाबा. कॉम्प्युटर हाय."

बाबांनी आतल्या दाराकडे पाहिलं. मग गमछ्याने मान पुसत म्हणाले, "बरं. त्याले आराम पडला का सांगजो."

*

आता तो पार्टिशनचा.

कॉम्प्युटरला आतून चालवायला एक कारभारी लागतो, त्याला म्हणतात ऑपरेटिंग सिस्टीम. यांचा कारभारी डॉस. भाऊजींना नोकरीसाठी दुसराच शिकायचा होता, युनिक्स. दोघे एका वेळी चालत नाहीत. एकाला निजवायचं, मग दुसऱ्याला उठवायचं. आणि दोघांना ठेवून घ्यायचं तर आतल्या डिस्कचे दोन भाग करायचे. या भागातून त्या भागातलं काही दिसत नाही. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी पोळ्या लाटत होते आणि दोघे भाऊ जेवता जेवता बोलत होते.

"दादा, आता पार्टिशन करूनच टाकू. रोजची कटकट नाही पाहिजे."

"कर. पण मले जास्त लागते. माझा पसारा मोठा हाय."

"काहून? अर्धं अर्धं! तुझं मले नाही दिसत, माझं तुले नाही दिसत. मिटलं."

सासूबाईंची वरणाची पळी हातातच राहिली. तरुणपणी त्यांनी आपल्या दिरांना अंगणाच्या मधोमध भिंत घालताना पाहिलं होतं. तेव्हापासून त्यांचं एकच मागणं, माझ्या पोरांची चूल एकच राहावी.  दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली एसटी धरून त्या कुहीला आपल्या भावाकडे गेल्या.

दुपारी मामा आले ते गावातले दोन जाणते सोबत घेऊन. मी सतरंजी घातली. दारात निम्मी गल्ली. मामांनी जयभीम घातला, पाण्याला हात लावला नाही.

"आंधी सांगा, भिंत कुठून टाकता?"

"कायची भिंत, मामा?" हे गोंधळले.

"तुमच्या मायनं या घरासाठी डोक्यावर विटा वाहल्या. आन् तुम्ही जेवता जेवता पार्टिशन करून राहिले?"

भाऊजींच्या लक्षात आलं. त्यांचा चेहरा पडला. "मामा, घराचं नाही जी! कॉम्प्युटरचं!"

मामांना आत नेऊन दाखवलं. ते बराच वेळ त्या पेटीकडे पाहत राहिले. मग चप्पल पायात घालता घालता म्हणाले, "अरे, एका पेटीत ज्याईले संगं राहता येत नाही, ते घरात काय राहतीन!"

हा किस्सा सांगितला की लोक पोट धरून हसतात. त्या दिवशी दारातलं कोणी हसलं नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

*

भाऊजींचा युनिक्स जागा झाला की पडद्याच्या डाव्या कडेला डॉलरचं चिन्ह येऊन थांबायचं. 'बोला, काय करू?' एवढाच त्याचा अर्थ. शेजारच्या मेश्राम काकू एकदा साखर मागायला आल्या आणि ते त्यांच्या नजरेस पडलं. झालं! आठवड्याच्या आत गल्लीभर एकच चर्चा, "विलास घरी बसून डॉलर काढून राहिला!"

एका दुपारी खरोखर हवालदार आला. भाऊजींना घाम फुटला. त्यांनी त्याला खुर्ची दिली, पडदा दाखवला, डॉलर दाखवला.

हवालदाराने वाकून नीट पाहिलं. "एकच हाय?"

"एकच हाय जी."

"मंग एका डॉलरसाठी मले एवढ्या उन्हात कायले आणलं?" असं म्हणून त्याने टोपी काढली आणि कूलरसमोर बसून दोन कप चहा प्याला.

*

भाऊजींच्या भागाला पासवर्ड होता. तो टाकल्याशिवाय उघडायचा नाही. सासूबाईंना हे कळलं आणि त्यांनी जेवण सोडलं. "भावाभावात कुलूप?" एवढंच म्हणायच्या.

भाऊजी शरमले. त्यांनी पासवर्ड बदलला आणि अंगणात उभं राहून जाहीर केलं, "पासवर्ड आईचं नाव हाय! सखूबाई! कोणीही उघडा!"

"म्हणजे माह्यं नाव घेतल्याबिगर तो उघडत नाही?" सासूबाईंनी दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि जेवायला बसल्या.

पंचाईत झाली माझी. भाऊजी मला युनिक्स शिकवायला बसले. कोणती दोन अक्षरं टाइप केली की आपल्या भागातल्या सगळ्या कामांची यादी येते, तेही सांगितलं. पण आत शिरायचं कसं? सासूचं नाव मी आयुष्यात कधी तोंडाने घेतलेलं नाही!

"बोटानं घेतलं तं चालते, वहिनी!" भाऊजी म्हणाले.

मागे खुद्द सासूबाई उभ्या. मी डोळे मिटले आणि एकेक अक्षर दाबलं. डोळे उघडून पाहते तर पडद्यावर काहीच उमटलेलं नाही. पासवर्ड दिसत नसतो, हे मला कुठे ठाऊक?

सासूबाई खूश झाल्या. "पाह्य, मशीनलेही रीत समजते!"

*

पुढचा मी लग्नात सांगत नाही.

निकालांचे दिवस होते. यांना दिवसभर डॉस पाहिजे आणि भाऊजींची नोकरीची परीक्षा तोंडावर.

"दादा, एक घंटा दे."

"आज नाही."

"हा तुझ्या एकट्याचा नाही हाय."

तेव्हा हे खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "मंग घेऊन जाय आपला अर्धा!"

दारात मेश्राम काकू होत्या. मी पोह्यांची बशी घेऊन तशीच उभी. सासूबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पुढे भाऊजींना नोकरी लागली आणि त्यांनी हिंगण्याला खोली घेतली. मामांचा शब्द खरा झाला. नळावर बायका गप्प व्हायच्या, आणि मी मान खाली घालून पाणी भरायची. सासूबाई रोज दोघांची ताटं मांडायच्या आणि एक परत उचलून ठेवायच्या.

महिनाभराने एका रविवारी भाऊजी दारात. यांच्याकडे न बघता म्हणाले, "माझ्या भागात काम हाय." आत गेले, दार लोटून घेतलं. बराच वेळ टकटक ऐकू येत होती. बाहेर आले तेव्हा सासूबाईंनी ताट वाढलेलंच होतं. जेवले आणि गेले.

पुढच्या रविवारी पुन्हा काम निघालं. मग दर रविवारी. हळूहळू हेही आपला पाट शेजारी ओढून बसायला लागले. बोलणं 'मीठ सरकव' एवढंच. पण बोलणं होतं.

भाऊजी गेले की यांची धुसफूस सुरू. "ऑफिसात त्याच्या टेबलावर मशीन हाय. इथं येऊन कायचं काम करते हा? उगाच माझी जागा अडवून राहिला."

वर्षभराने पुन्हा निकाल आले आणि यांचा भाग भरला. जागा पुरेना. यांनी ठरवलं, भाऊजींचा भाग पुसायचा आणि आपल्यात घ्यायचा. मला म्हणाले, "आंधी तू पाहून घे वं. त्याच्या कामाचं जे असन, ते फ्लॉपीवर काढून देऊ त्याले. उगाच बोल नाही पाहिजे."

मी बसले. सासूबाईंचं नाव टाइप केलं. डॉलर आला. ती दोन अक्षरं टाइप केली.

खाली पुन्हा नुसता डॉलर.

"यादी कुठं हाय?" यांनी विचारलं.

"नाही."

"नाही म्हणजे?"

मी परत केलं. परत नुसता डॉलर. इतक्या रविवारांचं एक अक्षरसुद्धा त्यात नव्हतं.

हे माझ्या खुर्चीमागे उभे होते.  मग त्यांनी हात पुढे करून कॉम्प्युटर बंद केला, चपला घातल्या आणि शेजारी मेश्राम काकूंकडे गेले. गल्लीत फोन त्यांच्याकडेच होता. मीही मागोमाग गेले. काकू दाराला टेकून ऐकत होत्या, पण यांनी आवाज हळू केला नाही.

"विलास? दादा बोलून राहिलो. रविवारी येजो गा. तुझ्या भागात खूप काम पडलं हाय."